वाट कोणाला द्यायची?



गणपती जवळ आले की आमच्या अमेरिकेतल्या भाच्याकडून एक व्हिडिओ हमखास येतो. व्हिडिओ जुनाच, २०१९ सालचा. १२ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी, पुण्याचा लक्ष्मी रस्ता. विसर्जन मिरवणूक ऐन रंगात आलेली, पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत एक रुग्णवाहिका येते. बघता बघता गर्दी दुभंगते, गाडी सरळ निघून जाते आणि तिच्या मागे गर्दी पुन्हा मिटते. खाली भाच्याचं ठरलेलं वाक्य, "मावशी, याला म्हणतात पुणे!"

ऊर भरून येतो, खोटं कशाला सांगू? पण तीस वर्षं खडू हातात धरल्यामुळे प्रश्न विचारायची खोड लागलेली आहे. हेच पुणेकर दुसऱ्या दिवशी सिंहगड रोडला संतोष हॉल चौकात लाल दिव्याला उभे असतात. मागे सायरन कोकलत असतो आणि कुणी जागचं हलत नाही. माणसं तीच, गाव तेच. मग एका रात्रीत असं काय होतं?

"हल्ली माणुसकी राहिली नाही" हे आमच्या कट्ट्यावरचं आवडतं उत्तर. मला ते पटत नाही. माणुसकी लक्ष्मी रस्त्यावर असते आणि संतोष हॉलला नसते, असं कसं होईल? म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू. रस्त्यावरून बाजूला होण्याची ही रीत आली कुठून, आणि बाजूला व्हायचं ते कोणासाठी?

आपल्याकडे वाट देण्याची रीत नवी मुळीच नाही. पेशवाईत श्रीमंतांची स्वारी निघाली की पुढे भालदार-चोपदार ललकारत चालायचे. ललकारी ऐकली की रस्त्यावरच्या माणसाने बाजूला व्हायचं, मान खाली घालायची. सरदाराची पालखी आली, हत्ती आला, घोडेस्वार आले, तरी तेच. पुढे इंग्रज आले आणि साहेबाच्या बग्गीला वाट मिळू लागली. सरकारी टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं असायची. त्या आवाजाने जंगलातलं जनावर दूर जायचं आणि माणसांनाही कळायचं की सरकारी डाक येते आहे. थोडक्यात काय, तर मोठा माणूस किंवा सरकारचं काम आलं की रस्ता मोकळा करायचा. न केला तर पाठीत फटका बसण्याची भीती.

आणि आजारी माणूस? त्याच्यासाठी ललकारी द्यायला कोण होतं? त्याला झोळीत, डोलीत, बाजेवर नाहीतर कुणाच्या तरी पाठीवर घालून न्यायचं. सह्याद्रीतल्या आडवाटेच्या वाड्यावस्त्यांवरून पावसाळ्यात अजूनही झोळीतून माणसं खाली आणल्याच्या बातम्या आपण वाचतोच. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवलं. त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हा प्रसंग शिकवताना वर्गात मुलं अगदी चिडीचूप व्हायची. मला मात्र दर वेळी तो रस्ता दिसायचा. पासष्टी ओलांडलेली बाई, पाठीवर तापाने फणफणलेलं पोर, आणि तिच्यासाठी रस्ता मोकळा करायला पुढे कोणी चोपदार नाही.

त्याच प्लेगात पुणेकरांनी आजाऱ्याला नेणारी सरकारी यंत्रणा पाहिली. रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात शिरून झडती घ्यायचे, रुग्णाला प्लेगच्या इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे. लोक आजारी माणसं लपवू लागले. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे "आजाऱ्याला न्यायला आले" म्हटलं की लोक बाजूला व्हायचे, पण ते धसक्याने. त्यात कणव नव्हती.

मग कणवेने रस्ता मोकळा करण्याची कल्पना कुठून आली? तिचं मूळ आहे रणांगणात. फ्रेंच सैन्यात दोमिनिक लारे नावाचा एक शल्यवैद्य होता. तेव्हाची पद्धत अशी की लढाई संपेपर्यंत जखमी शिपाई होता तिथेच पडून राहायचा. तोफखान्याच्या घोडागाड्या मात्र मैदानात सुसाट पळायच्या. लारेच्या मनात आलं, तोफ इतक्या वेगाने नेता येते, तर माणूस का नेता येऊ नये? १७९२ च्या सुमारास त्याने हलक्या घोडागाड्यांची "उडती रुग्णवाहिका" उभी केली. पुढे तो नेपोलियनचा मोठा वैद्य झाला. पण माझ्या दृष्टीने त्याची खरी मोठी गोष्ट दुसरीच आहे. ज्याची जखम गंभीर त्याला आधी उचलायचं, मग तो सेनापती असो, साधा शिपाई असो, की शत्रूकडचा असो, असा नियम त्याने घातला.

जरा थांबून विचार करा. हजारो वर्षं "आधी कोण?" या प्रश्नाचं उत्तर "जो मोठा तो" असं होतं. लारेने ते "ज्याला जास्त गरज तो" असं केलं. पुढे १८६४ च्या जिनिव्हा कराराने रणांगणावरच्या रुग्णवाहिकांना तटस्थ ठरवलं, म्हणजे शत्रूनेसुद्धा त्यांना हात लावायचा नाही. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं तेव्हा गांधीजींनी सुमारे अकराशे हिंदी लोकांचं रुग्णसेवा पथक उभं केलं. त्या लोकांनी जखमींना डोल्यांतून मैलोनमैल वाहून नेलं. पुढे डोली गेली, घोडागाडी गेली आणि मोटार आली. गाडी बदलली तरी तिच्यामागचा नियम लारेचाच राहिला.

दुसरी गाडी आगीच्या बंबाची. मुंबईचं अग्निशमन दल १८८७ चं. तेव्हा बंब ओढायला घोडे असायचे. माझ्या लहानपणी पुण्यात मोटारीचाच बंब होता, पण त्यावर पितळी घंटा असायची आणि पुढे बसलेला जवान ती सारखी वाजवत जायचा. घंटा ऐकली की आम्ही मुलं धावत ओट्यावर चढायचो आणि टांगेवाले घोड्याचा लगाम खेचून टांगा कडेला घ्यायचे. त्यांना कुणी कायदा शिकवला नव्हता, पण घंटेचा अर्थ कळत होता. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत "फोर्ट स्टिकीन" नावाच्या जहाजावर स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्याच आठवणीसाठी. बंब जाताना दिसला की मला ते ६६ जण आठवतात. त्या गाडीतली माणसं दुसऱ्याच्या घराकडे, आगीकडे धावत असतात. त्यांना आपण निदान चौकात तरी अडवू नये!

आता कायद्याकडे येऊ. कायदा म्हटला की जांभया येतात हे मला माहीत आहे, पण थोडक्यात सांगते. रस्त्यावरच्या वर्तनाचे नियम १९८९ साली आले. त्यातला दहावा नियम एका वाक्याचा होता. अग्निशमन दलाची गाडी किंवा रुग्णवाहिका येताना दिसली की प्रत्येक चालकाने आपलं वाहन रस्त्याच्या कडेला घेऊन तिला मोकळी वाट द्यावी. बस, एवढंच. २०१७ मध्ये जुन्या नियमांच्या जागी नवे आले. त्यांत या गाड्यांना तातडीच्या कामावर असताना लाल दिवा ओलांडायची, वेगमर्यादा मोडायची मुभा स्पष्ट लिहिली, अर्थात सांभाळून. दोन गाड्या एकदम आल्या तर आधी कोण, याचाही क्रम लावला. आधी बंब, मग रुग्णवाहिका, मग पोलिसांची गाडी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४-ई हे कलम आलं. अशा गाडीची वाट अडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. कायद्याच्या या कलमापेक्षा मला ती मोठी वाटते. मोटारीवरचा लाल दिवा म्हणजे आपल्या काळातला भालदार-चोपदार. मंत्री, अधिकारी, पदाधिकारी, ज्याला त्याला तो हवा होता. दिवा दिसला की पोलीस सलाम ठोकणार आणि रस्ता मोकळा होणार. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दिव्यांना लगाम घातला आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने सगळ्या मोठ्या माणसांच्या गाड्यांवरचे लाल दिवे काढून टाकले. लखलखणारे दिवे राहिले ते रुग्णवाहिका, बंब, पोलीस अशा कामाच्या गाड्यांवर.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. पेशव्यांच्या स्वारीपासून मंत्र्यांच्या गाडीपर्यंत आपण वाट देत आलो ती आत कोण आहे हे माहीत होतं म्हणून. रुग्णवाहिकेत कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. कोट्यधीश असेल, धुणंभांडी करणारी बाई असेल, बिगारी असेल. आणि तरीही वाट द्यायची! आपल्या रस्त्याच्या इतिहासात ही रीत नवी आहे. बाजूला व्हायची आपली जुनी सवय भीतीची होती आणि ती गेली ते बरंच झालं. पण तिच्या जागी जी नवी सवय यायला हवी, ती कुणी शिकवलीच नाही. घोळ इथे आहे, असं मला वाटतं.

आता आमच्या धायरीचंच पाहा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा फाट्यावरून आत वळलं की शेतं होती. गावाचा काही भाग १९९७ मध्ये महापालिकेत गेला आणि उरलेला २०१७ मध्ये. तोपर्यंत शेतांच्या सोसायट्या झाल्या होत्या. एवढ्या सगळ्या माणसांना शहरात जायला मुख्य वाट एकच, सिंहगड रोड. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर, रुंद होऊन होऊन होणार किती? २०२४ आणि २०२५ मध्ये त्यावर उड्डाणपूल झाले आणि पुष्कळ फरक पडला. पण पुलाखालचे चौक आहेत तिथेच आहेत.

२६ जानेवारी २०१४ ला महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांची. पूर्वी कुणाला रात्री-बेरात्री बरं वाटेनासं झालं की रिक्षा शोधत फिरावं लागायचं. आता फोन केला की गाडी येते, आत डॉक्टर असतो, प्राणवायू असतो. केवढी मोठी सोय! पण गाडी दारात आली तरी पुढचा रस्ता १०८ वाल्यांच्या हातात नसतो. तो तुमच्या-माझ्या हातात असतो.

हे मी कशावरून म्हणते? २०२३ च्या जुलैमध्ये आमच्या ह्यांच्या छातीत दुखू लागलं, ते नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. वेळ संध्याकाळी साडेसहाची. उड्डाणपुलाचं काम तेव्हा चालू होतं. मुलगा मागे डॉक्टरांजवळ बसला आणि मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मन थाऱ्यावर नव्हतं, पण डोळे उघडे होते आणि समोर काय चाललं होतं ते स्पष्ट दिसत होतं.

वडगावजवळ आमच्या पुढच्या मोटारीने सायरन ऐकला आणि जिथे होती तिथेच करकचून ब्रेक मारला, बरोबर आमच्या नाकासमोर. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, तो बिचारा "थांबला" होता. पुढे एक रिक्षा डावीकडे वळली, तिच्या बाजूची मोटार उजवीकडे, आणि मागची मोटार डावीकडे जाऊ की उजवीकडे या विचारात मधोमध उभी. कशीबशी फट पडली की दुचाकीवाले त्यात शिरायचे. काही तर आमच्या पुढे पुढे, आमच्याच सायरनवर वाट काढत. संतोष हॉल चौकात लाल दिवा. आमच्या पुढे चार रांगा. पहिल्या रांगेतला एक जण आरशात बघे, मग दिव्याकडे बघे, मग समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्यांकडे. पुढे जावं तर आडव्या गाड्यांची धडक, नाहीतर कॅमेऱ्याचं चलन, आणि मागे सायरन. त्याने काय करावं?

मी ड्रायव्हरला म्हटलं, "अहो, ही माणसं हलत का नाहीत?" तो म्हणाला, "आजी, लोक वाईट नसतात. गांगरतात."

त्याचं म्हणणं माझ्या मनात घर करून राहिलं.

आम्हाला सोडवलं ते एका पीएमपीच्या बसड्रायव्हरने. तो आडव्या रस्त्यावर होता आणि त्याचा दिवा हिरवा झाला होता. त्याने आमच्या गाडीचे दिवे पाहिले आणि बस पुढे काढलीच नाही. मागचे हॉर्नवर हॉर्न वाजवत होते, त्याने लक्ष दिलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढून शेजारच्या गाड्यांनाही थांबवलं. चौक मोकळा झाला, आमच्या पुढच्या रांगा थोड्या पुढे आणि कडेला सरकल्या, आणि आम्ही निघालो. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दोन स्टेंट घातले. आता हे रोज सकाळी धारेश्वराच्या देवळापर्यंत पायी जाऊन येतात आणि येताना माझ्यासाठी फुलं आणतात. त्या बसड्रायव्हरचं नाव मला माहीत नाही आणि आपण कोणाला वाट दिली हे त्यालाही माहीत नाही.

आता भाच्याच्या व्हिडिओकडे वळू. मिरवणुकीतल्या गर्दीला जमतं ते चौकातल्या गर्दीला का जमत नाही?

एक तर मिरवणुकीत कार्यकर्ते असतात. ते गाडीच्या पुढे चालतात, हात पसरून माणसांना दोन्ही बाजूंना सारतात. वाट कुठून काढायची हे एक जण ठरवतो, बाकीचे ऐकतात. दुसरं, पायी चालणारा माणूस एकमेकांची तोंडं बघतो, बोलतो, "अहो, मागे सरा" म्हणतो. मोटारीत बसलं की काचा वर, एसी चालू, गाणी चालू. शेजारच्या गाडीतला माणूस दोन हातांवर असतो आणि त्याच्याशी एक शब्द बोलता येत नाही. तिसरं, माणूस वीतभर आडवा सरकू शकतो. मोटार आडवी सरकत नाही, तिला पुढे-मागे जागा लागते. आपण तर पुढच्याच्या बंपरला नाक लावून उभे राहतो. मग वाट द्यायची इच्छा असली तरी देणार कशी?

वारीत याहून सुंदर गोष्ट दिसते. समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड वर करतो आणि टाळ-मृदंगांचा तो सगळा कल्लोळ एका क्षणात शांत होतो. लाखो माणसं! चोपदार तोच, पण इथे भीती नाही. दंड वर गेला की काय करायचं हे प्रत्येक वारकऱ्याला आधीपासून ठाऊक असतं, एवढंच. जर्मनीत महामार्गावर वाहतूक मंदावली की सगळ्यात डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं, असा नियम आहे. सायरनची वाटच बघायची नाही, गल्ली आधीच तयार ठेवायची. ऑस्ट्रियाने तो २०१२ पासून लागू केला. तिथली माणसं आपल्यापेक्षा दयाळू आहेत असं काही नाही. कोणी कुठे सरकायचं हे ठरलेलं आहे, म्हणून कुणी गांगरत नाही.

आपल्याकडेही ठरवलं की जमतं. ३ ऑगस्ट २०१५ ला पुण्यातल्या एका मेंदूमृत बाईंचं हृदय मुंबईला मुलुंडच्या रुग्णालयात पोचवलं गेलं. पुण्यात आणि मुंबईत पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला, मधलं अंतर विमानाने काटलं आणि सगळा प्रवास अवघ्या दीड तासाच्या आसपास झाला. एका तरुणाला त्या हृदयाने जीवदान दिलं. याला "ग्रीन कॉरिडॉर" म्हणतात, आणि तेव्हापासून पुण्यात असे कितीतरी झाले. पण तिथे प्रत्येक चौकात पोलीस असतो. रोजच्या १०८ साठी तेवढे पोलीस कुठून आणायचे? तिथे आपणच चोपदार आणि आपणच वारकरी.

तेव्हा आता बाई फळ्यावर लिहितात, नीट उतरवून घ्या. (सवय जात नाही हो!)

१. सायरन ऐकू आला की आधी आरशात बघा, तो कुठून येतो आहे ते ठरवा. तोवर ब्रेक मारू नका. मग डावीकडचा दिवा लावून हळूहळू डाव्या कडेला जा आणि थांबा. वळणावर, अरुंद पुलावर किंवा रुग्णवाहिकेच्या नाकासमोर थांबू नका.

२. चौकाच्या मधोमध असाल तर तिथे उभे राहू नका. आधी चौक ओलांडा, पलीकडे गेल्यावर कडेला व्हा.

३. लाल दिव्याला उभं राहताना पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं! सायरन येण्याच्या आधी करायची गोष्ट आहे ही. अंतर असेल तर डावीकडच्यांनी डावीकडे आणि उजवीकडच्यांनी उजवीकडे नाक वळवलं की मधे गल्ली पडते.

४. पहिल्या रांगेत असाल तर लाल दिवा तोडून आडव्या गाड्यांत घुसू नका. दिवा ओलांडायची मुभा रुग्णवाहिकेला आहे, आपल्याला नाही. एका जिवासाठी दुसरा जीव धोक्यात घालायचा नसतो. पोलिसाने हात केला तर पुढे व्हा. पोलीस नसेल तर आडव्या गाड्यांच्या वाटेत न जाता जेवढं कडेला तिरकं होता येईल तेवढं व्हा.

५. आपला दिवा हिरवा आहे आणि आडव्या रस्त्यावरून सायरन येतो आहे? निघू नका. चौक मोकळा करण्याची चावी खरं तर तुमच्याच हातात असते, त्या बसड्रायव्हरसारखी. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

६. दुचाकीवाल्या मुला-मुलींनो, फट दिसली की शिरायचं नाही. ती तुमच्यासाठी पडलेली नाही. आणि रुग्णवाहिकेचं शेपूट धरून पळू नका. २०१७ च्या नियमांत पन्नास मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. ती एकदम थांबली तर तुम्हीच तिच्यावर आदळाल. शिवाय मागून दुसरी गाडीही येत असते, कधी कधी बंबामागे दुसरा बंब असतो.

७. गाडीत गाणी लावा, पण बाहेरचं ऐकू येईल एवढीच.

आणि एक आक्षेप हमखास ऐकू येतो. "अहो, आत कोणी नसतंच! रिकामी गाडी सायरन वाजवत पळवतात." एखादा तसं करत असेलही. पण रिकामी गाडी बहुतेक वेळा कुणाला तरी आणायला निघालेली असते. त्या दिवशी आमच्या दारात आलेली गाडीसुद्धा येताना रिकामीच होती ना! आत कोण आहे, आहे की नाही, याचा न्यायनिवाडा चौकात उभं राहून आपण करायचा नाही. लारेच्या नियमाचा अर्थ हाच.

आमच्या सोसायटीत येत्या रविवारी मी मुलांना जमवणार आहे. पार्किंगमध्ये खडूने चौक आखायचा, सायकली आणि खुर्च्या गाड्या म्हणून मांडायच्या आणि एकाने सायरन व्हायचं. मुलांचा खेळ होईल. आई-बाप बघायला येतीलच, त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! शाळांनी मनावर घेतलं तर १४ एप्रिलच्या अग्निशमन दिनानंतरच्या आठवड्यात एक तास यासाठी सहज काढता येईल. परीक्षा नको, गुण नकोत, मैदानावर खडू आणि अर्धा तास पुरे.

तुमच्या गावात, तुमच्या चौकात काय अनुभव येतो तो जरूर कळवा. परदेशातल्या मंडळींनी तिकडची पद्धतही लिहा. आणि भाचेबुवा, यंदा तो व्हिडिओ पाठवशील तेव्हा गाडीच्या पुढे चालणाऱ्या माणसांकडे जरा नीट बघ. त्यांचे हात कसे आहेत ते बघ.